चार सर्व्हर, एक दार

बेळगावच्या उद्यमबागेत ओतले जाणारे कास्टिंग बहुतेक वेळा एकाच छपराखाली पूर्ण होत नाही. पॅटर्न एका दुकानात बनतो, ओतकाम दुसऱ्या फाउंड्रीत होते, मशीनिंगसाठी तो नग मच्छे किंवा होनग्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जातो, रंगकाम आणखी चौथीकडे होते, आणि या सगळ्या फेऱ्यांत त्याच्यासोबत फिरते ते एक चलन, म्हणजे माल पाठवल्याचा कागद. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला यातले काहीच दिसत नाही. त्याने ऑर्डर एका फाउंड्रीला दिलेली असते, नग तिच्याच नावाने त्याच्याकडे पोहोचतो, आणि नगात वायूची छिद्रे निघाली तर तो फोनही तिलाच करतो.

मोठी सॉफ्टवेअर आता बरीचशी याच रीतीने बांधली जातात. वापरणाऱ्याला एक पडदा, एक पत्ता आणि एक पासवर्ड दिसतो. आत मात्र अनेक छोटे सर्व्हर आपापले काम करून एकमेकांना उत्तरे देत असतात. मी आणि माझा भागीदार टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून लहान कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि असेच एक काम आम्ही इथल्या एका फाउंड्रीसाठी केले. हे सर्व्हर जोडायचे कसे, ही गोष्ट एका दिवसात शिकता येते. जोडाच्या जागी काय काय बिघडू शकते हे शिकायला आम्हाला दीड वर्ष लागले, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या जोडांविषयीच आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेतो. सर्व्हर म्हटले की वातानुकूलित खोलीतले कपाट डोळ्यांपुढे येते, पण इथे सर्व्हर हा शब्द प्रोग्रॅमसाठी वापरला आहे: सतत जागा राहून विनंतीची वाट पाहणारा आणि विनंती आली की उत्तर देणारा प्रोग्रॅम. असे अनेक प्रोग्रॅम एकाच संगणकावर चालू शकतात, आणि त्यांतल्या कोणाशी बोलायचे ते पोर्ट नावाच्या आकड्यावरून ठरते. आमच्या फाउंड्रीच्या कामात असे चार सर्व्हर होते. पहिला ऑर्डर घेणारा, दुसरा भट्टीच्या नोंदी ठेवणारा, तिसरा रवानगी पाहणारा आणि चौथा बिल करणारा. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा होता आणि चौघेही ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या एकाच संगणकावर ८००१ ते ८००४ या पोर्टांवर बसलेले होते.

कापायचे कुठे

एकच मोठा प्रोग्रॅम का लिहिला नाही, हा प्रश्न मालकांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता आणि तो रास्त होता. आमचे उत्तर असे होते की या चार कामांची चाल वेगवेगळी आहे. भट्टी रात्रपाळीतही चालते, प्रत्येक हीटनंतर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्यानंतर, स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस आणि गंधक यांचे प्रमाण पाहून ते नोंदवावे लागते, आणि ही नोंद बंद पडली तर धातू लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, थांबून राहत नाही. बिलाचे नियम मात्र सरकारी अधिसूचनेसरशी बदलतात, आणि ते बदलले की प्रोग्रॅम थांबवून नवा चढवावा लागतो. बिलाच्या दुरुस्तीसाठी भट्टीची नोंद थांबवावी लागू नये, एवढ्या एका कारणासाठी तरी ही दोन कामे वेगळी असणे योग्यच होते.

बाकीच्या वाटणीत मात्र आमची चूक झाली होती. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची दोन प्रकारे वाटणी करून दाखवली होती. कामाच्या पायऱ्या जशा एकामागून एक येतात तसे भाग पाडण्याचा मोह सगळ्यांना होतो, असे त्यांनी दाखवले आणि सांगितले की पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवावा, म्हणजे तो निर्णय बदलला तरी बाकीच्या भागांना त्याचा पत्ता लागत नाही. आम्ही हे कॉलेजात शिकलो होतो आणि तरीही वाटणी केली ती पायऱ्यांप्रमाणेच: आधी ऑर्डर, मग भट्टी, मग रवानगी, मग बिल. परिणाम असा झाला की गिऱ्हाइकाने ‘ऑर्डरचे अर्धे नग आता पाठवा, अर्धे पंधरा दिवसांनी’ असे सांगितले की ऑर्डर आणि रवानगी हे दोन्ही सर्व्हर एकदम बदलावे लागत. दोन भाग नेहमी जोडीनेच बदलत असतील तर ते मुळात दोन नाहीत, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

या सीमांची किंमत काय असते हे सांगायला मिरज जंक्शनसारखे उदाहरण नाही. पुण्याकडून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आली तरी मिरजेहून बेळगाव आणि लोंढ्याकडे जाणारा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होता. त्यामुळे पुण्याहून निघालेला माणूस मिरजेला उतरून बोचकी घेऊन दुसऱ्या गाडीत बसे, आणि माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. दोन्ही रूळ आपापल्या जागी चांगलेच होते. वेळ, हमाली आणि फुटतूट होत होती ती दोहोंच्या सांध्यावर. दोन सर्व्हरांमधल्या प्रत्येक सीमेवर अशीच एक मिरज उभी राहते. एका बाजूची माहिती मजकुरात बांधून पाठवायची, दुसऱ्या बाजूला ती सोडून पुन्हा तपासायची. एकाच प्रोग्रॅममध्ये एका भागाने दुसऱ्याला हाक मारली तर ते काम काही नॅनोसेकंदांत होते. तीच हाक नेटवर्कवरून गेली की एकाच इमारतीतसुद्धा हजारो पट जास्त वेळ लागतो, आणि ती पोहोचेलच याची खात्री नसते.

जोडण्याचे मार्ग

जोडणीचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात सगळे छोटे सर्व्हर एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बसवतात. पायथॉनसारख्या भाषांमध्ये यासाठी सोय असते: मुख्य प्रोग्रॅमला सांगायचे की ‘बिल’ने सुरू होणाऱ्या सगळ्या विनंत्या अमुक उपप्रोग्रॅमकडे दे, ‘भट्टी’ने सुरू होणाऱ्या तमुककडे दे. लिहिताना भाग वेगळे, चालताना प्रोग्रॅम एकच. यात नेटवर्क मध्ये येत नाही, म्हणून हा मार्ग वेगवान आणि सोपा आहे. तोटा असा की एका भागाने सगळी मेमरी खाल्ली तर सगळेच एकदम आडवे होतात.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र चालतो आणि सगळ्यांच्या पुढे एक दारवान बसवतात. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, आणि थोडी जास्त जबाबदारी दिली की गेटवे. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एनजिनएक्स हा या कामासाठी बहुधा सर्वात परिचित प्रोग्रॅम असेल, आणि आम्हीही तोच वापरला. दारवान विनंतीचा पत्ता वाचतो, ती योग्य पोर्टाकडे नेतो, उत्तर आणून देतो. आत चार आहेत की चाळीस, हे बाहेरच्याला कळत नाही.

जोडल्यावर पहिले भांडण नावांवरून होते. आमच्या ऑर्डरच्या सर्व्हरला ‘यादी’ विचारली की तो ऑर्डरींची यादी देई, आणि बिलाच्या सर्व्हरला ‘यादी’ विचारली की तो बिलांची देई. वेगळे असताना दोघांचेही बरोबर होते. एका दाराआड आल्यावर मात्र ‘यादी’ म्हणजे कोणाची, हे दारवानाला कळेना, आणि नियमांच्या फाइलीत ज्याचे नाव आधी लिहिले होते त्याचीच यादी सगळ्यांना दिसू लागली. उपाय साधा आहे: प्रत्येकाच्या नावापुढे आडनावासारखी एक ओळख लावायची, म्हणजे ‘ऑर्डर/यादी’ आणि ‘बिल/यादी’. यूपीआयचा पत्ता आपण रोज पाहतो त्यातही हीच युक्ती आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हापासून अ‍ॅट या चिन्हानंतरचा भाग मधल्या यंत्रणेला सांगतो की हा पत्ता कोणाच्या ताब्यातला आहे आणि पुढची चौकशी कोणाकडे करायची. त्यामुळे चिन्हाच्या अलीकडचे नाव दोन ठिकाणी सारखे असले तरी पैसे भलतीकडे जात नाहीत.

या आडनावातून एक बारीक घोटाळा होतो, आणि नवीन माणूस त्यात हटकून सापडतो. दारवान विनंती आत पाठवताना सहसा आडनाव काढून टाकतो, कारण आतल्या सर्व्हरला ते माहीतच नसते. बिलाचा सर्व्हर स्वतःला अजूनही घरातला एकुलता एक समजत असतो. मग त्याने वापरणाऱ्याला ‘आता पावतीच्या पानावर जा’ असे सांगितले की तो पत्ता देतो नुसता ‘पावती’, आणि बाहेरच्या दाराशी त्या नावाचे काहीच नसते. पडद्यावर ४०४ येते, म्हणजे असे पानच सापडले नाही. आतल्या सर्व्हरला बाहेरून तुझा पत्ता कसा दिसतो हे वेगळे कळवावे लागते. त्यासाठी बहुतेक साधनांमध्ये एक सेटिंग असते, आणि ते लावायला विसरणे हा आमच्या धंद्यातला जवळपास दीक्षाविधी आहे.

दुसरा प्रश्न असा की जोडणी एकदाच करायची की जिवंत ठेवायची. काही ठिकाणी मुख्य सर्व्हर सुरू होताना आतल्या प्रत्येकाला ‘तुला काय काय येते’ असे विचारतो आणि सगळ्यांच्या उत्तरांची एक एकत्र यादी करून ठेवतो. ही झाली झेरॉक्स. नंतर आतल्या सर्व्हरने नवे काम शिकले तरी झेरॉक्सवर ते उमटत नाही. मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. उलट जिवंत जोडणीत मुख्य सर्व्हर दर वेळी आत विचारून मग उत्तर देतो, त्यामुळे बदल लगेच दिसतो, पण आतला एखादा हळू असेल तर त्याची वाट सगळ्यांना पाहावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलना बाहेरची साधने जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये एमसीपी नावाचा खुला करार जाहीर केला. त्यातही साधनांचे अनेक छोटे सर्व्हर एकात गुंफताना हेच दोन प्रश्न जसेच्या तसे उभे राहतात: नावांना पुढे काय लावायचे आणि यादी झेरॉक्स ठेवायची की जिवंत. कारखान्यासाठी आम्ही झेरॉक्सच पसंत केली, कारण तिथे नवे काम महिन्यातून एखादे येते आणि हळूपणा रोज खटकतो.

ओळखपत्राविषयी थोडक्यात. दाराशी पासवर्ड तपासला की वापरणाऱ्याला सही केलेले एक टोकन मिळते. २०१५ साली प्रमाणित झालेले जेडब्ल्यूटी हा त्याचा सर्वाधिक प्रचलित नमुना. दारवानाने तपासले म्हणजे झाले, असे आतल्या सर्व्हरांनी समजू नये; प्रत्येकाने सही स्वतः पडताळावी. कारखान्याच्या फाटकातून आत आलेला प्रत्येक माणूस तिजोरीपर्यंत जाऊ शकत नाही, तसेच हे आहे.

एका गाडीची दोन बिले

पीटर डॉइच यांनी १९९४च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत असताना, वितरित प्रणाली, म्हणजे अनेक संगणकांवर विखुरलेली सॉफ्टवेअर, बांधणारे लोक ज्या खोट्या गृहीतकांवर विसंबतात त्यांची एक यादी केली होती. तिच्यातले पहिलेच गृहीतक असे: नेटवर्क भरवशाचे असते. मी ती यादी भिंतीवर लावली होती, आणि तिच्याखाली बसूनच पुढची चूक केली.

ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटी रुपयांवरच्या उलाढालीच्या व्यावसायिकांना लागू झाली, आणि आमची फाउंड्री त्यात येत होती. गाडी भरली की रवानगीचा सर्व्हर बिलाच्या सर्व्हरला सांगे, ‘बिल कर’. बिलाचा सर्व्हर सरकारी पोर्टलवर नोंद करून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, मिळवी आणि मग उत्तर देई. पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर पुन्हा विचारायचे, असे मी रवानगीच्या सर्व्हरमध्ये लिहून ठेवले होते. जुलैतल्या एका संध्याकाळी पाऊस धो-धो पडत होता आणि कारखान्याची इंटरनेट लाइन रेंगाळत होती. बिलाच्या सर्व्हरने आपले काम चोख केले, पण त्याला आठ सेकंद लागले. तोवर रवानगीच्या सर्व्हरचा धीर सुटला होता आणि त्याने दुसऱ्यांदा ‘बिल कर’ म्हटले. बिलाच्या सर्व्हरच्या दृष्टीने ही नवी विनंती होती. त्याने पुढचा क्रमांक घेतला आणि दुसरे बिल केले.

तिसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या मामांचा फोन आला. “अहो साहेब, गाडी एकच गेलीया आणि बिलं दोन कशी काय झालीत, बघा की जरा.”

या घोटाळ्यातली खोच नीट पाहण्यासारखी आहे. आयआरएन हा ६४ चिन्हांचा क्रमांक पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा क्रमांक या चार गोष्टींतून काढला जातो, आणि तेच बिल पुन्हा पाठवले तर पोर्टल ते नाकारते. म्हणजे दुबार नोंदीपासून वाचण्याची सोय तिथे आधीपासून होती. पण आमच्या सर्व्हरने दुसऱ्या वेळी नवा क्रमांक घेतल्यामुळे पोर्टलला ते बिल खरोखरच वेगळे दिसले. सोय पुढच्या दाराला होती आणि आम्ही मागच्या दाराने आत गेलो.

टाइमआउट झाला, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आले नाही, याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. आपल्याला कळले नाही, एवढाच होतो. काम अपुरे राहिले असेल, पूर्ण झाले असेल किंवा अजून चालू असेल. म्हणून पुन्हा विचारणे सुरक्षित व्हायचे असेल तर विनंतीसोबत अशी खूण पाठवावी लागते की जी कितीही वेळा विचारले तरी बदलणार नाही. आता आम्ही चलनाचा क्रमांक पाठवतो. बिलाचा सर्व्हर आधी पाहतो की या चलनाचे बिल झाले आहे का; झाले असेल तर तेच परत देतो, काम चालू असेल तर थांबायला सांगतो, आणि नसेल तरच नवा क्रमांक घेतो. हे लिहायला एक दुपार पुरली.

झालेले बिल मात्र पुसता येत नव्हते. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर रद्द करायला चोवीस तासांची मुदत असते आणि ती केव्हाच टळली होती, त्यामुळे हिशेबनिसांना ती रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढावी लागली. गंमत अशी की संगणकशास्त्रात याच उपायाला स्वतंत्र नाव आहे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ साली ‘सागा’ ही कल्पना मांडली: लांबलचक व्यवहार अनेक छोट्या व्यवहारांत तोडायचा, आणि मध्येच काही बिघडले तर झालेल्या प्रत्येक छोट्या व्यवहाराला त्याची भरपाई करणारा उलटा व्यवहार जोडायचा. चार डेटाबेस वेगळे असले की ‘सगळे होईल किंवा काहीच होणार नाही’ अशी हमी सहज मिळत नाही, म्हणून ही वाट धरावी लागते. आपल्याकडचे हिशेबनीस हे फार पूर्वीपासून जाणतात. वहीत खोडाखोड न करता उलटी नोंद घालण्याची शिस्त त्यांच्याकडून घ्यावी.

आकड्यांचाही एक हिशेब जाता जाता पाहून घ्यावा. एक सर्व्हर महिन्यातला ९९.९ टक्के वेळ चालू राहत असेल तर तीस दिवसांत तो सुमारे ४३ मिनिटे बंद असतो. एका कामासाठी असे चार सर्व्हर एकापुढे एक लागत असतील आणि ते एकमेकांशी संबंध नसता बंद पडत असतील, तर सगळे एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९९.६ टक्क्यांवर येते, म्हणजे महिन्याला पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ काम बंद. एकही सर्व्हर पूर्वीपेक्षा वाईट झालेला नसतो आणि तरीही गिऱ्हाइकाला चौपट खोळंबा सोसावा लागतो. दारवान अशा वेळी जे आकडे दाखवतो ते ओळखीचे करून घेतले तर निम्मी धावपळ वाचते: ५०२ म्हणजे आतल्याकडून धड उत्तर आले नाही, ५०३ म्हणजे तो सध्या सेवा देऊ शकत नाही, आणि ५०४ म्हणजे आतल्याने वेळेत उत्तर दिले नाही. यातला ५०४ दिसला की मी आता घाईने पुन्हा बटण दाबत नाही.

गावाचे नाव आणि रात्रपाळीची तारीख

चार भाग चार वेळी लिहिले गेले की एकाच गोष्टीला चार नावे पडतात, आणि आपल्या सीमाभागात तर ती आधीच पडलेली असतात. एका सर्व्हरमध्ये बेळगाव, दुसऱ्यात २०१४च्या नामांतरानंतरचे बेळगावी, तिसऱ्यात चिकोडी, चौथ्यात चिक्कोडी, कुठे निपाणी तर कुठे निप्पाणी. पत्ता छापताना कन्नडमध्ये काय, मराठीत काय आणि इंग्रजीत काय, हा आणखी वेगळा पसारा. माणसाला यात काही अडचण वाटत नाही, पण ‘निपाणीला किती नग गेले’ असे विचारले की संगणक अर्धेच सांगतो. शेवटी ठरवले की सर्व्हर एकमेकांना गावाचे नाव पाठवणारच नाहीत, फक्त पिनकोड पाठवतील. निपाणी म्हणजे ५९१२३७, खानापूर म्हणजे ५९१३०२, आणि कोणत्या भाषेत काय छापायचे ते ज्याने त्याने आपल्या छपाईच्या जागी पाहावे. राज्याचेही तसेच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, २९ म्हणजे कर्नाटक आणि २७ म्हणजे महाराष्ट्र. माल हुक्केरीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, कोगनोळीचा नाका ओलांडून शिरोलीला गेला तर आयजीएसटी. हा निर्णय बिलाच्या सर्व्हरने एकट्याने घ्यायचा. रवानगीच्या सर्व्हरला कराचे नाव ठाऊक असण्याचेही कारण नाही. पार्नास यांचा सल्ला आम्ही निदान इथे तरी पाळला.

तारखेचा घोटाळा अधिक लबाड होता. भट्टीच्या सर्व्हरचा डेटाबेस जागतिक प्रमाणवेळ पाळत होता, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि बाकीचे तिघे भारतीय वेळ पाळत होते. रात्रपाळी अकरा ते सात. मध्यरात्रीनंतर ओतलेल्या हीटवर भट्टीचा सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख घाली, आणि कारखान्याच्या हिशेबात रात्रपाळीचे उत्पादन पाळी सुरू झाली त्याच दिवसाचे धरतात, म्हणजे तीही आदल्याच दिवशीची! दोन्ही जुळत असल्याने कित्येक आठवडे कोणाला शंका आली नाही. पण पहाटे साडेपाच वाजता जागतिक वेळेतही तारीख बदलते. त्यामुळे साडेपाच ते सात या दीड तासातल्या हीट तेवढ्या दुसऱ्या दिवसात जाऊन पडत, आणि दर महिन्याअखेरीस दोन-तीन हीटचा फरक निघे. फरक मोठा असता तर पहिल्याच महिन्यात सापडला असता. आता सगळे सर्व्हर वेळ जागतिकच ठेवतात, आणि पाळीचा दिवस कोणता हे वेळेवरून न काढता वेगळ्या रकान्यात लिहितात.

हा फरक शोधून काढता आला तो फाउंड्रीकडूनच उचललेल्या एका युक्तीमुळे. चांगल्या फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो. वर्षाने नग फुटून परत आला तरी त्या नंबरावरून तो कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून ओतला आणि त्या वेळी कार्बन किती होता, हे काढता येते. सर्व्हरांच्या जोडणीतही दारवानाने आत येणाऱ्या प्रत्येक विनंतीवर असा एक नंबर ठोकावा आणि आतल्या प्रत्येकाने आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, तो लिहून पुढच्याला द्यावा. चार लॉग चार ठिकाणी असले तरी एक नंबर शोधला की त्या विनंतीचा सगळा प्रवास ओळीने पुढे येतो. आमच्या मते जोडणीचे पहिले काम हेच असावे, पत्ते वाटण्याच्याही आधी. आम्ही ते सगळ्यात शेवटी केले.

किती तुकडे पुरेत

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एक निरीक्षण नोंदवले होते: कोणतीही संस्था जी प्रणाली बांधते, तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपापसातल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. मोठ्या कंपनीत बिलाचे वीस लोक आणि उत्पादनाचे तीस लोक वेगळ्या इमारतींत बसत असतील तर त्यांचे सर्व्हर वेगळे असणे स्वाभाविकच आहे. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत दोघे जण एकाच टेबलावर बसून चार सर्व्हर लिहितात तेव्हा मात्र त्याचे समर्थन करणे अवघड जाते. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४च्या लेखानंतर अशा छोट्या स्वतंत्र सर्व्हरांसाठी मायक्रोसर्व्हिस हा शब्द सगळीकडे झाला, आणि आमच्यासारख्या लहान मंडळींनीही तो मोठ्यांकडे पाहून उचलला. मोठेही नेहमी त्याला धरून राहत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका चमूने २०२३ साली जाहीर केले की चित्र आणि आवाज यांचा दर्जा तपासणारी आपली यंत्रणा त्यांनी विखुरलेल्या तुकड्यांतून एका प्रक्रियेत आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून अधिक उतरला. त्यांच्या कामाचे स्वरूप वेगळे होते, त्यामुळे तो आकडा आपल्याला लागू करू नये. पण तुकडे परत सांधता येतात आणि त्यात कमीपणा नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

कोणी आता विचारले तर मी सांगतो की आधी एकच प्रोग्रॅम लिहा, पण आतल्या भिंती पक्क्या बांधा. बिलाच्या भागाने ऑर्डरच्या टेबलात परस्पर हात घालू नये, ठरलेल्या दारानेच मागावे. पुढे एखादा भाग वेगळ्या चालीने चालतो असे दिसले तर त्या भिंतीवरून तो कापून बाहेर काढता येतो. भिंतीच नसतील तर कापताना सगळीकडून रक्त येते.

आमच्या फाउंड्रीत ऑर्डर आणि रवानगी आता एकाच सर्व्हरमध्ये आहेत. बिल आणि भट्टी वेगळेच ठेवले. दारवान तोच आहे, त्याच्या नियमांच्या फाइलीतल्या चार ओळींच्या तीन झाल्या, आणि स्टोअरमधल्या मामांना यातले काही कळले नाही, कारण त्यांचा पडदा बदलला नाही.

गेल्या ३१ मार्चला रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, नव्या आर्थिक वर्षाची क्रमांकमाला लावण्यासाठी, आम्ही बिलाचा सर्व्हर थांबवला. दारवानाने बिलाच्या पत्त्यांवर ‘बिलाचे काम थोडा वेळ बंद आहे’ असा मराठी-कन्नड फलक लावला आणि रवानगीच्या भागाने आलेली दोन चलने रांगेत ठेवली. भट्टीवर त्या वेळी दुसरी हीट चालू होती. तिची नोंद अकरा त्रेपन्नला झाली. बारा वाजून दहा मिनिटांनी बिलाचा सर्व्हर उठला आणि रांगेतली दोन चलने त्याने नव्या मालेतल्या पहिल्या दोन क्रमांकांवर घेतली, प्रत्येकी एकदाच.